मिटलेल्या पानातले तीन चमचे

सासरी आल्यावर पहिल्याच चातुर्मासात मी एक नेम धरला. कुणी मीठ सोडतं, कुणी वांगं सोडतं. मी सोडलं काहीच नाही, उलट एक काम जास्तीचं घेतलं. जेवणं झाली, की खरकटं बाहेर टाकण्याआधी त्यातून एकदा हात फिरवायचा. नणंदा हसल्या. म्हणाल्या, "हा कसला गं नेम? देवाला यातलं काय पोचणार?" मी म्हटलं, पोचतं. कसं पोचतं, ते मला एका गोष्टीनं शिकवलं. तीच आज सांगते. जवळ सरकून बसा.

डोंगराच्या पायथ्याला, नदी जिथं कमरेत वाकल्यासारखी वळते, तिथं एक गाव होतं. गावात देवीचं देऊळ होतं आणि देवळाची भांडी होती. कुणाच्याही घरी कार्य निघालं, की गुरवाकडून भांडी आणायची, आणि दिवेलागणीच्या आत घासूनपुसून परत द्यायची. हंडे, पराती, पळ्या, ओगराळी, सगळं त्यात होतं. आणि एका लाल फडक्यात गुंडाळलेले एकवीस चमचे होते. पितळेचे, बोटाएवढे, दांड्यावर कमळ कोरलेलं.

हे चमचे सहसा कुणी नेत नसे. गाव हातानं जेवणारं. खीर असली, तर द्रोण सरळ तोंडाला लावायचा.

त्या गावची आणखी एक रीत होती. जेवण झालं, की केळीचं पान आपल्या बाजूला मिटायचं. मन भरलं, असा त्याचा अर्थ. पान उघडं दिसलं, तर घरच्या बाईला घास गोड लागत नसे. द्रोणही पानाचाच, तो पानातच ठेवायचा. मिटलेली पानं पाटीत, आणि पाटी गोठ्यात. पान, द्रोण, उरलेलं अन्न, सगळं गुरांच्या पोटात जाई. वाया असं काही जात नसे.

त्याच गावात एक बाई राहत होती. तिला सगळे नेमाची वहिनी म्हणत. वर्षाचा एकही महिना तिच्या नेमावाचून गेला नव्हता. कधी मौन, कधी एक वेळचं जेवण, कधी रोज देवळात सडा. पण या वेळचा नेम वेगळा होता. तो लेकीसाठी होता.

लेकीचं नाव वेणू. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. दुसऱ्यांदा दिवस राहिल्याचा निरोप आला, त्या दिवशी वहिनी देवीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, लेकीची सुखरूप सुटका होऊ दे. रोजची पहिली भाकरी मी गाईला देईन. नऊ महिने भरत आले, की एकवीस सवाष्णींना गव्हाची खीर जेवायला घालीन. आणि त्या दिवशी तुझी आरती होईपर्यंत सोवळ्यात राहीन, उष्ट्याखरकट्याला शिवणार नाही."

गाव लहान. गाय होती शेजारच्या सगुणा गवळणीची, तांबूस रंगाची, नाव पोवळी. वहिनी रोज सकाळी चुलीवरची पहिली भाकरी पदराखाली धरून गोठ्यात जायची. पोवळी तळहात चाटून पुसून स्वच्छ करायची. योग असा, की पोवळीही गाभण होती आणि तिचेही दिवस भरत आले होते. सगुणा हसून म्हणायची, "वहिनी, तुमच्या घरात बाळंतीण आधी, की माझ्या?"

वहिनी म्हणायची, "दोघी सुखरूप होऊ देत. क्रम देवी बघेल."

उद्यापनाचा दिवस उजाडला. वेणू माहेरी आली होती, पोट सांभाळत ओसरीवर बसून गहू पाखडत होती. धाकट्या जावेनं कंबर कसली होती, कारण वहिनी सोवळ्यात, वरचं सगळं तिलाच बघायचं होतं. खीर रटरटत होती. गूळ, खोबरं, वेलची. वास तर नदीपलीकडे गेला असेल.

"एवढी चटका देणारी खीर या बायका पिणार कशी?" जाऊ म्हणाली.

"म्हणून तर चमचे मागवलेत देवळातले," वहिनी म्हणाली. "पडूनच असतात बिचारे. आज त्यांनाही खीर चाखू दे."

एकवीसजणी बसल्या. वेणू आणि धाकटी जाऊही त्यांच्यातच. चमचे बघून पंगतीत हसू पिकलं. एक म्हातारी चमचा उलटा धरून म्हणाली, "हा धरायचा कुठून गं? आम्हाला आपली पाच बोटं बरी."

"बोटं भाजतील आजी."

"भाजू दे. नव्वद वर्षं चुलीशी काढली, आता खीर काय भाजणार मला!"

पण खाल्ली चमच्यानंच, आणि दोनदा मागून खाल्ली. पानं मिटली गेली. एकही पान उघडं राहिलं नाही. वहिनीला भरून आलं. बायका हातावर पाणी घेऊन, आरतीला देवळात भेटू म्हणत आपापल्या घरी गेल्या.

जावेनं पानं उचलली, पाटी भरली, गोठ्यात नेऊन टाकली, परत येऊन मागच्या अंगणात भांडी घासायला बसली. थोड्या वेळानं तिनं हाक मारली.

"ताई, जरा बाहेर या."

"काय गं?"

"चमचे अठराच भरतायत."

"परत मोज."

"तीनदा मोजले. दर वेळी अठराच." जाऊ उठून जवळ आली, आवाज खाली घेतला. "खरं सांगू का? ती तांबटाची सून उठताना पदर सारखा करत होती. मी बघितलं या डोळ्यांनी."

"पदर सगळ्याच सारखा करतात. तू नाही करत?"

"मी घरची आहे."

"आणि ती आज देवी म्हणून जेवलीय माझ्या घरी. देवी स्वतःचेच चमचे कशाला चोरेल?" वहिनी म्हणाली. "शोध आधी. नाव नंतर घे. खरं म्हणजे घेऊच नकोस."

जावेनं तोंड वाकडं केलं. हंडा उपडा केला, पाटाखाली बघितलं, चुलीची राखसुद्धा उकरली. चमचे नाहीत.

ओसरीवर वेणू हे सगळं ऐकत बसली होती. ती एकदम म्हणाली, "आई, मी माझा चमचा कुठं ठेवला गं?"

"मला काय माहीत?"

"थांब." तिनं डोळे मिटून हात हवेत हलवले, जणू पुन्हा जेवतेच आहे. "खीर संपली. चमचा द्रोणात टाकला. द्रोण पानात ठेवला. आणि..." तिचे दोन्ही हात आपोआप आपल्याकडे वळले, पान मिटल्यासारखे. "आई! मी मिटलं पान! चमच्यासकट!"

जाऊ राख लागलेला हात गालाला लावून उभीच राहिली. मग हळूच म्हणाली, "अगं बाई. मी पण."

हाताला सवयच नव्हती. पान मिटताना आत काही परत देण्यासारखं असतं, हे त्या गावच्या हातांना ठाऊकच नव्हतं. अठराजणींनी नवलाईनं चमचा चाटून बाजूला ठेवला, तिघी सवयीनं वागल्या. तिसरी कोण, ते आजवर कुणाला कळलेलं नाही, आणि कळायची गरजही पडली नाही.

जावेला आता हसू येत होतं. "म्हणजे चोर घरातच! ताई, मी तांबटाच्या सुनेला उगाच..."

पण वहिनी हसत नव्हती. तिचा चेहरा उतरला होता.

"पानं कुणापुढं टाकलीस?"

"पोवळीपुढं. म्हटलं, आजउद्या विणार आहे, गोडाधोडाचं खाऊ दे की तिलाही."

पुढं कुणाला काही सांगावं लागलं नाही. सगुणाची आधीची गाय गवतातून तारेचा तुकडा गिळून बसली होती, हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. आठ दिवस तिनं काडीला तोंड लावलं नाही. नवव्या दिवशी बसली ती उठलीच नाही. पोवळी तिचीच कालवड. सगुणाला नवरा नाही, भाऊ नाही. घरातली चूल त्या एका गाईवर पेटत होती.

जाऊ धावली. तिच्यामागून वहिनी, सोवळ्याचा काठ वर धरून.

गोठ्यात पोवळी एकटीच होती, पानांच्या ढिगात तोंड घालून. जाऊ दाराला आडवा लावलेला दांडा, आडणा, ओलांडून आत गेली मात्र, पोवळीनं शिंगं खाली केली आणि फुरफुरली. विणारी गाय परक्या माणसाला जवळ येऊ देत नाही. जाऊ मागच्या पावली बाहेर आली.

"सगुणा! अगं सगुणा!"

शेजारून कुणीतरी ओरडून सांगितलं, "ती नदीपलीकडं गेलीय गवताला!"

"ताई, थांबूया. ती येईल आत्ता."

"ती येईपर्यंत ही काय पान मिटून बसणार आहे?" वहिनी म्हणाली.

"पण तुमचं सोवळं! आरती व्हायचीय अजून. इतके महिने केलंत तुम्ही, आता दोन घटकांसाठी..." जाऊ ओसरीकडे बघत म्हणाली, "आणि वेणूसाठी केलंय ताई. वेणूसाठी."

वहिनीचे पाय आडण्याशी अडले. समोर ढीग होता, वरणाचा, भाताचा, एकवीस तोंडांच्या उष्ट्याचा. देवीला दिलेल्या शब्दातली एवढी एकच गोष्ट पाळायची राहिली होती. मागं ओसरीवर लेक होती, जिचं एक बाळ आधीच गेलं होतं. आपण शब्द मोडला आणि देवीनंही मोडला, तर?

पोवळीनं आणखी एक पान ओढलं.

वहिनीनं देवळाच्या कळसाकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, माझी लेक मी तुझ्या ओटीत घातलीय. ही पण कुणाची तरी लेकच आहे."

आणि ती आडणा ओलांडून आत गेली.

पोवळीनं शिंगं रोखली. वहिनीनं रोजच्यासारखा तळहात पुढं केला. पोवळीनं वास घेतला. इतक्या महिन्यांच्या पहिल्या भाकरीचा वास होता तो. शिंगं वर झाली. सगुणा सोडली, तर गावात दुसऱ्या कुणाच्या हातासाठी ती झाली नसती.

"सरक बाई, सरक. तुझंच आहे, पण थोडं थांब." असं म्हणत वहिनीनं गव्हाणीतली पानं स्वतःकडे ओढली आणि एकेक उघडायला सुरुवात केली. कोपरापर्यंत हात बरबटले. सोवळ्याच्या काठाला खीर लागली. चौथ्या पानात पहिला चमचा निघाला. तो तिनं मागं जावेकडे फेकला. मग बराच वेळ काही नाही. मग एका द्रोणाच्या घडीत अडकलेला दुसरा.

"ताई, तिसरा?"

शेवटचं पान उघडलं. नुसती भोपळ्याची साल.

वहिनीनं वर बघितलं. पोवळी मान वाकडी करून चावत होती. ओठाच्या कोपऱ्यातून हिरव्या पानाचं टोक बाहेर लोंबत होतं. आणि चावता चावता दातांवर काहीतरी खणकलं.

त्याच वेळी सगुणा गवताचा भारा घेऊन दारात आली. तिनं पानं बघितली, वहिनीचे हात बघितले, जावेच्या मुठीतले दोन चमचे बघितले. भारा तिथंच टाकला.

"तोंडात आहे?"

"तोंडात आहे."

सगुणानं धावत येऊन दोन्ही शिंगं काखेत आवळली. "मी डोकं धरते. वहिनी, तुम्ही घाला हात. समोरून नको, बाजूनं! ओठाच्या कोपऱ्यात दात नसतात, तिथून. जीभ धरा. घट्ट धरा. निसटते ती माशासारखी!"

"धरली!"

"सोडू नका! आता दुसऱ्या हातानं!"

पोवळीनं एवढ्या मोठ्यानं हंबरडा फोडला, की ओसरीवरची वेणू उभी राहिली. वहिनीचा हात मनगटापर्यंत आत होता. ऊन ऊन लाळ, चावलेलं पान, आणि त्यात एक कडक, गार दांडा. तिनं डोळे मिटून ओढलं. पान आलं, पानासोबत चमचा आला, आणि वहिनी मागच्या मागं शेणात बसली.

चमच्याची मान वाकली होती. कमळावर दातांचे दोन खळगे पडले होते.

मग पोवळीनं नाक फुरफुरवलं आणि खाली बसलेल्या वहिनीचं डोकं चाटायला सुरुवात केली. जाऊ हसायला लागली, सगुणा रडायला लागली, वहिनीला दोन्ही एकदम आलं.

"वहिनी," सगुणा पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तुमचा नेम मोडला ना माझ्यापायी?"

"तुझ्यापायी कसला? चमच्यापायी," वहिनी म्हणाली. "सरक म्हण हिला. माझी वेणी खातेय ती."

दिवेलागणीच्या आधी वहिनी देवळात गेली. अंघोळ न करताच गेली, पायरीशीच उभी राहिली, आणि लाल फडकं गुरवासमोर ठेवलं. गुरव म्हातारे होते, दिसायचं कमी, पण बोटांनी मोजायचे.

"एकवीस," ते म्हणाले. "एकाची मान का वाकली?"

तिनं सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. शेवटी म्हणाली, "गुरवकाका, खरं ते सांगा. माझं उद्यापन बुडालं का? मी शब्द दिला होता. लेकीच्या जिवासाठी दिला होता."

गुरवांनी वाकडा चमचा हातात फिरवला. "सूनबाई, गाईला रोज भाकरी घालायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"मीच ठरवलं होतं."

"का?"

"देवी तिच्यात आहे म्हणून."

"मग दुपारी कुणाच्या तोंडातून चमचा काढलास?"

वहिनीनं पायरीवरूनच देवीला हात जोडले.

"रोज घास देत होतीस, म्हणून तिनं आज तुला हात घालू दिला. तुझा नेम फळाला आला गं, मोडला कुठं?" गुरव उठत म्हणाले. "जा, डोक्यावरून पाणी घेऊन ये. आरती थांबलीय. आणि पाय उचल, माझ्या पोटात अजून खीर गेलेली नाही."

आरती झाली. जावेनं प्रसादाचा पहिला द्रोण तांबटाच्या सुनेच्या हातात दिला आणि तिच्या कपाळावर ठळक कुंकू लावलं. एवढा मान कशासाठी, ते तिला कधी कळलं नाही. जावेला कळत होतं, तेवढं पुरे होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोवळी व्यायली. तांबूस कालवड झाली, अगदी आईवर गेलेली. आणि त्यानंतर दहा दिवसांनी, दुपारच्या उन्हात, वेणूची सुटका झाली. मुलगी. जन्मताच रडली ती एवढ्या मोठ्यानं, की गोठ्यातून पोवळीनं उत्तर दिलं. बाळंतिणीला रोजचं पहिलं दूध सगुणा स्वतः घेऊन यायची, आणि पैशाचं नाव काढलं तर ओसरीवरच रुसून बसायची.

गुरवांनी वाकडा चमचा सरळ करून घेतला नाही. तो वेगळा ठेवला. सहा महिन्यांनी वेणूच्या मुलीचं उष्टावण त्याच चमच्यानं झालं, गव्हाच्या खिरीचा एक थेंब. त्यानंतर गावातल्या प्रत्येक बाळाचा पहिला घास त्याच चमच्यातून जायला लागला. दातांचे खळगे बघून पोरं विचारायची, हे कुणी चावलं? आणि मग ही कहाणी पुन्हा सांगितली जायची.

गावची रीतही तेवढी बदलली. पान अजून मिटतात, पण मिटण्याआधी सगळी पंगत पानावरून एकदा हात फिरवते. पाटीही उचलण्याआधी एकदा चाचपली जाते. ती नव्वदीची म्हातारी पंगतीच्या टोकाला बसून ओरडायची, "हात फिरवा गं! चमचा असेल, अंगठी असेल, नाहीतर कुणाच्या गाईचा जीव असेल!"

गोष्टीतून घ्यायचं ते इतकंच: नेम हा माणसाला कुणाच्या तरी जवळ नेण्यासाठी असतो, आणि ज्या दिवशी त्या जिवाला आपल्या हाताची गरज लागेल, त्या दिवशी सोवळं बाजूला ठेवून हात देणं, हेच नेमाचं उद्यापन. आणि हरवलेल्या वस्तूसाठी दुसऱ्याचा पदर शोधण्याआधी आपलं मिटलेलं पान उघडून बघावं.

मी तो नेम अजून पाळते. इतक्या वर्षांत खरकट्यातून तीन चमचे, एक वाटी, आणि सासूबाईंचं एक जोडवं मला परत मिळालं. आमच्या दारावरून जाणाऱ्या गाईंच्या पोटात काय काय जायचं वाचलं, ते त्यांनाच ठाऊक. आज रात्री तुमच्या घरी जेवणं झाली, की ताटं निपटून टाकण्याआधी बाई, तुम्हीही एकदा हात फिरवा. हात धुता येतो. एवढं माझ्यासाठी कराच.